एका घरात एकच प्रत

पुणे, ६ जुलै १९९६

तीर्थरूप विद्युल्लताआत्या,

साष्टांग नमस्कार. पुढचा मजकूर वाचून तू रागावणार आहेस, म्हणून नमस्कार आधीच घालून ठेवतो. फोन करणार होतो. पण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान पानभर तरी मला बोलायला मिळतं.

बातमी चांगली आहे. मराठी लिहिण्याचा नवा प्रोग्राम आला आहे. तुझ्या कोशातली जोडाक्षरं आता छापताना मोडणार नाहीत. प्रकाशकांनाही मजकूर याच प्रोग्राममधून हवा आहे. मार्चपर्यंत दिलास तर पुढच्या वर्षी पुस्तक निघेल. काशीतल्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या बोलली गेलेली भाषा, तू तीस वर्षं दारोदार हिंडून गोळा केलेली, अखेर छापून येईल.

अडचण एवढीच, की हा प्रोग्राम नव्या विंडोजशिवाय चालत नाही, आणि मी तुला दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती घालायची तर आतली डिस्क पुसून घ्यावी लागेल. ते काम शरद करील. कॉलेजातला माझा मित्र, सध्या तिथे रेल्वेच्या कारखान्यात आहे. पण त्याआधी तू बॅकअप घ्यायचास. म्हणजे सगळ्या कोशाची दुसरी प्रत फ्लॉप्यांवर उतरवून बाजूला ठेवायचीस. काही बिघडलं तर ती प्रत हाताशी असते.

अगदीच आभाळ कोसळलं तर शब्द टिपून ठेवलेल्या तुझ्या चिठ्ठ्यांचे डबे आहेतच म्हणा.

तुझा, सध्या तरी लाडका,
मुकुल


काशी, १६ जुलै १९९६

चिरंजीव मुकुल,

आशीर्वाद. नमस्कार मिळाला, राग राखून ठेवला आहे.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा पुस्तक निघणार म्हणून, दुसऱ्यांदा तुझ्या पिढीची कीव आली म्हणून. जे यंत्र तुम्ही घडवले, जगाला विकले, माझ्या टेबलावर आणून ठेवले, त्याच्यावर तुमचा स्वतःचाच विश्वास नाही! काम सुरू करण्याआधी ते बुडेल हे गृहीत धरायचे आणि त्याला शास्त्र म्हणायचे! या गल्लीत अजून अशी माणसे आहेत, ज्यांच्या कंठात सबंध वेद आहे. त्यांनी कधी फ्लॉपी मागितली नाही. मन लावून जपलेल्या गोष्टीला राखीव गडी लागत नाही. ज्याला दुसऱ्या प्रतीचा आधार आहे तो पहिलीकडे अर्ध्याच लक्षाने पाहतो. हे मी भर सभेत सांगायला तयार आहे.

शिवाय आपल्या घराचा एक नियम आहे, तो तुझ्या बापाने तुला सांगितलेला दिसत नाही. माझे आजोबा, तुझे पणजोबा, बालाजी घाटावर पोथ्या उतरवून द्यायचे. जुनी पोथी जीर्ण झाली की नवी प्रत करायची, अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे, आणि नवी शुद्ध ठरली की जुनी फुले वाहून गंगेत सोडायची. एका घरात एकच प्रत. दोन प्रती एका छपराखाली त्यांनी कधी राहू दिल्या नाहीत.

तरीही पुस्तक निघायला हवे आहे, म्हणून तू सांगतोस ते करीन. कृती क्रमाने लिही. इंग्रजी शब्द कमी वापर. शरदला म्हणावे, येताना जेवून येऊ नकोस.

विद्युल्लता


पुणे, २४ जुलै १९९६

आत्या,

सभा गाजली. समोरच्या बाकावर मी एकटाच होतो, तरी टाळ्या वाजवल्या.

कंठातल्या वेदाबद्दल एकच शंका विचारतो. ते वेद एकाच माणसाच्या कंठात होते का? मला वाटतं बऱ्याच जणांच्या होते. आमच्या ऑफिसात यालाच बॅकअप म्हणतात. रागावू नकोस.

आता कृती. चार कोऱ्या फ्लॉप्या शरद आणून देईल. कोश ज्या फायलींत आहे, म्हणजे स्वरांची एक, ‘क’ ते ‘घ’ची एक, असं जे तू करून ठेवलं आहेस, त्या सगळ्या तो सांगेल तशा फ्लॉप्यांवर उतरव. मग प्रत्येक फ्लॉपीवरची फाइल उघडून स्वतः वाचून बघ. नुसती नावं दिसली म्हणजे प्रत झाली असं समजू नकोस. मग शरद डिस्क पुसेल, नवी विंडोज घालेल, प्रोग्राम बसवेल आणि फायली परत आत घेईल.

आणखी एक. मागच्या पत्रात मी चिठ्ठ्यांच्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. तू वेदांवर बोललीस, पणजोबांवर बोललीस, माझ्या पिढीची कीव केलीस. डब्यांवर चकार शब्द नाही. ते कोरड्या जागी आहेत ना? पावसाळा आहे.

मुकुल


काशी, १९ ऑगस्ट १९९६

चि. मुकुल,

विजयाची वार्ता ऐक. काम फत्ते झाले!

शरद दोन रविवार आला. मुलगा गुणी आहे. पोहे तीनदा घेतो आणि वाद घालत नाही. (तुला यातला पहिला गुण तरी आहे.) प्रती केल्या. तू सांगितलेस तसे मी प्रत्येक फाइल उघडून वाचली. शरद म्हणाला, ‘आत्या, पहिलं आणि शेवटचं पान बघितलं तरी चालेल.’ मी म्हटले, ‘मधल्या पानांनी काय पाप केलं?’ तो बिचारा पंख्याखाली झोपून गेला.

मग नवे सगळे बसले. कोश परत आत आला. पडद्यावर जोडाक्षरे अशी उभी राहिली की मी शरदला उठवून दाखवली. पुन्हा सगळा मजकूर वाचून ताडला. एक काना इकडचा तिकडे नाही.

आता प्रत शुद्ध ठरली, तेव्हा घराच्या नियमाप्रमाणे परवा सकाळी फ्लॉप्या गंगेला दिल्या. गंगा सध्या बालाजी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली आहे, नावा बंद आहेत, म्हणून पायरीवरूनच. फुले वाहिली, अक्षता वाहिल्या. आपली नाव उलटी घालून बसलेला नावाडी पाहत होता. म्हणाला, ‘माताजी, ई का हौ? दवाई क डिब्बा?’ मी म्हटले, ‘किताब हौ.’ तो म्हणाला, ‘एतना छोट?’ आणि त्याने हात जोडले. तीन लगेच गेल्या. चौथी मात्र वळून पुन्हा पायरीशी आली, तिला हाताने पुढे लोटावे लागले.

चिठ्ठ्यांचेही विचारले होतेस. त्या गेल्या वर्षीच गेल्या, टंकन पूर्ण झाले तेव्हा. त्या वेळी नावा चालू होत्या, मधल्या धारेत सोडल्या.

विद्युल्लता


पुणे, २७ ऑगस्ट १९९६

आत्या!

नमस्कार वगैरे नंतर.

तू बॅकअप गंगेत सोडलास? जो घ्यायचा तो घेतलास, इतका नेटका घेतलास की आमच्या ऑफिसात तसा कुणी घेत नाही, आणि मग त्याला फुलं वाहून निरोप दिलास? तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. आता इथे कुणी काही पुसून टाकलं की लोक हात जोडतात.

चेष्टा राहू दे. पणजोबांचा कागद शंभर वर्षं टिकायचा. माझा तो जुना कॉम्प्युटर दोन वर्षं टिकला तरी मी देवापुढे साखर ठेवीन. तीस वर्षांचं काम आता एका तबकडीवर आहे. ती एका गिरकीत बंद पडू शकते. तुझ्याकडची वीज कशी येते-जाते ते मला ठाऊक आहे. ज्या आजींनी तुला शब्द सांगितले त्यातल्या किती आज आहेत? मंगळागौरीच्या खेळात कोण काय म्हणायचं ते आता कुणाला विचारशील?

आजच्या आज शरदला बोलाव आणि नवी प्रत कर. गंगा स्वच्छ ठेवायचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, त्यालाही हातभार लागेल.

मुकुल


काशी, ७ सप्टेंबर १९९६

चि. मुकुल,

तुझे पत्र मी मोठ्याने वाचले नाही. शेजारच्या विश्वेश्वरकडे तुझी अजून थोडी पत आहे.

नाही. करणार नाही. आणि का नाही ते एकदा ऐकून घे, कारण तू या नियमाला म्हातारीचा हट्ट समजतो आहेस.

आजोबांना एक धाकटे भाऊ होते. विवाहविधीची पोथी घरात एक, भाऊ दोन. म्हणून तिच्या दोन प्रती केल्या. वर्षे गेली. एकाने आपल्या प्रतीत एक दुरुस्ती केली, दुसऱ्याने आपल्या प्रतीत दुसरी. मग शिंदे घाटाजवळच्या एका घरी लग्नाला दोघेही पुरोहित म्हणून बसले आणि दोघांनी दोन वेगळे विधी वाचायला सुरुवात केली. ‘माझी प्रत मूळची.’ ‘तुझी कसली? माझी मूळची!’ अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मुहूर्त टळला, नवरी रडून रडून झोपेला आली. त्यानंतर एकाच गल्लीत राहून त्या दोन घरांनी एकमेकांकडचे पाणी घेतले नाही, ते दोघे भाऊ जाईपर्यंत. आजोबांनी नियम केला तो तेव्हा.

मी रोज कोश दुरुस्त करते. आज प्रत केली तर उद्या ती खोटी झाली. मी मेल्यावर तुझ्या हातात दोन कोश पडतील. त्यातला माझा कोणता, हे तू कुणाला विचारशील? नष्ट होण्याची मला भीती नाही. माझ्या नावावर चुकीची गोष्ट उरण्याची आहे. सत्य एक असते आणि त्याच्यामागे उभे राहायचे असते. दोन ठिकाणी पाय ठेवून उभे राहता येत नाही.

विद्युल्लता


पुणे, १६ सप्टेंबर १९९६

आत्या,

या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवरीची गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली नव्हती.

पण त्या दोघा भावांनी पोथीच्या शेवटी तारीख घातली असती तर? ‘अमुक दिवशी शोधून लिहिली’ एवढं जरी? मग मूळची कोणती आणि शेवटची कोणती हे नवरीलासुद्धा सांगता आलं असतं. तू फ्लॉपीवर तारीख लिही. महिन्याने नवी कर, जुनीवरचं पुसून टाक. मी तुझ्या पश्चात शेवटची तारीख बघीन. एवढा तरी विश्वास ठेव.

तू उत्तर दिलं नाहीस तर मी ते होकार समजणार.

मुकुल


काशी, २४ ऑक्टोबर १९९६

चि. मुकुल,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नकोस. नवरात्रात तीन व्याख्याने होती. एक तर अगदी रामनगरला. पूल ओलांडून रिक्षाने गेले आणि बसलेला घसा घेऊन परत आले. खंडेनवमीला यंत्राची पूजा केली. पाणी शिंपडले नाही, नुसते फूल ठेवले. हवा आता छान आहे. कोशासाठी शब्द देणाऱ्या मृणालिनीच्या घरी नातू झाला.

एक सहज विचारते, नुसत्या जिज्ञासेपोटी. समजा एखादे यंत्र सुरू केले आणि पडदा काळाच राहिला, वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली, आणि पेटीच्या आतून टकटक असा आवाज येऊ लागला, तर त्याचा अर्थ साधारण काय होतो? घाई नाही. सवडीने कळव.

दसऱ्याच्या रात्री वीज फार वेळा गेली आणि आली.

विद्युल्लता


पुणे, ३१ ऑक्टोबर १९९६

आत्या,

ते यंत्र पुन्हा सुरू करू नकोस. शरदलाही हात लावू देऊ नकोस. जितक्या वेळा सुरू करशील तितकं आतलं जास्त खरवडलं जाईल. मागची पिन काढून ठेव.

मी दिवाळीला तिकडे येतो आहे. आवश्यक ती साधनं बरोबर आणतो. अनारशांचं पीठ असेल तर कर, नसेल तर नुसतं दार उघड.

चेष्टा करायला येत नाही. आल्यावर करीनही थोडी, पण ती तू जेवायला वाढल्यावर.

मुकुल


काशी, २६ नोव्हेंबर १९९६

चि. मुकुल,

पोचल्याचे पत्र मिळाले. अनारसे वाटेतच संपवलेस हे शरदला सांगितलेले नाही; त्याला वाटते निम्मे त्याच्यासाठी ठेवून गेलास.

तू इथे होतास तेव्हा तुझ्यासमोर बोलता आले नाही, म्हणून आता लिहिते. तू तीन दिवस त्या पेटीपुढे बसलास. एकेक फाइल बाहेर निघाली की ‘आत्या, स्वर आले’, ‘आत्या, त-वर्ग आला’ असे ओरडायचास, आणि मी स्वयंपाकघरात ऐकून न ऐकल्यासारखे करायचे. मग ‘क’ ते ‘घ’ची फाइल आली नाही. तू दिवसभर प्रयत्न केलास, आणि शेवटी दिवे लावायला उठलास. एका शब्दानेही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाहीस. त्यापेक्षा म्हणाला असतास तर मला उत्तर देता आले असते.

ती सगळ्यांत मोठी फाइल होती. स्वयंपाकघर त्यात, घाट त्यात, गल्ली त्यात, घरातली भांडणे त्यात. त्यातले निम्मे शब्द सांगणाऱ्या बाया आता नाहीत. हे नुकसान माझ्या हातून झाले. व्याख्यानात असे वाक्य मी कधी उच्चारलेले नाही; लिहायला सोपे गेले.

आता पुढचे. तू गेलास आणि मी नियम पुन्हा तपासला. आजोबा म्हणाले होते, एका घरात एकच प्रत. दुसऱ्या घरात असू नये असे ते कधीच म्हणाले नव्हते! पोथ्या उतरवून ते लोकांच्या घरीच तर पाठवत होते. मी नियम पाळला, पण अर्धाच ऐकला.

तेव्हा शरदकडून फ्लॉप्या आणवल्या, तू बसवलेल्या नव्या डिस्कवरचा उरलेला कोश त्याने आवळून एकेकीत मावेल असा उतरवला, मी वर तारीख घातली, आणि ज्या ज्या घरांनी मला शब्द दिले त्या त्या घरी एकेक देऊन आले. कुणाकडेही संगणक नाही. मृणालिनीने ती देवघरात ठेवली. मी म्हटले, ‘कुंकू नको, गंगाजल नको, उदबत्ती दूर.’ ती म्हणाली, ‘मग देवाला ठेवू कशाला? सोवळ्यात पण नाही, ओवळ्यात पण नाही, ये कैसा बच्चा दे गईं आप!’ विश्वेश्वरने विचारले, हिला खायला काय घालायचे. महिन्याने मी नवी घेऊन जाणार आणि जुनी परत आणणार. शरद ती पुसून पुन्हा वापरतो.

आणि एक अद्भुत घडले. फ्लॉपी द्यायला गेले की प्रत्येक घरी बसावे लागते, चहा होतो, मग कुणीतरी म्हणते, ‘आमची आई असं म्हणायची.’ गेलेल्या फाइलीतले शब्द असे एकेक करून परत येत आहेत. सगळे येणार नाहीत, हे मला समजते. आलेलेही पहिल्यासारखे नसतात. एका घरात अर्थ एक, पलीकडच्या घरात दुसरा. परवा मृणालिनी आणि तिची सासू माझ्यादेखत एका शब्दावरून भांडल्या. पूर्वी मी निकाल दिला असता. या वेळी दोन्ही लिहून घेतले, पुढे घराचे नाव आणि तारीख.

तुझी प्रत या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. तुमचे घर या यादीत आधीच असायला हवे होते. माझा भाऊ पुण्याला गेला म्हणून त्याची भाषा तिथे गेली नाही असे मी धरून चालले. तो आता नाही, पण त्याच्या तोंडी ‘क’ ते ‘घ’मधले काही ऐकलेले असेल, तर कळव.

विद्युल्लता


पुणे, ७ डिसेंबर १९९६

आत्या,

फ्लॉपी सुखरूप आली. उघडून वाचली, पहिलं आणि शेवटचंच पान नव्हे, मधलीही.

बाबांचं बरंच काही आठवेल असं वाटलं होतं. आठवेना. आठ दिवस डोकं खाजवलं. शाळेत मला कुणी चिडवू नये म्हणून मीच बाबांना सांगायचो, ‘मित्र आले की तसलं हिंदी-मराठी बोलू नका.’ ते खरंच थांबले होते.

मग काल एक सापडला. ‘घाटवणं.’ संध्याकाळी ऑफिसातून आले की कधीकधी म्हणायचे, ‘चल रे, जरा घाटवू.’ आणि आम्ही पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. तिथे ना घाट, ना नदी. बोलायचेही नाहीत फारसे. अंधार पडला की उठायचे. अर्थ असा लिही : दोघांनी काही न बोलता शेजारी बसणे.

एवढाच आहे.

मुकुल


काशी, १७ डिसेंबर १९९६

चि. मुकुल,

अर्थ साफ चुकीचा आहे. ‘घाटवणे’ म्हणजे घरात काम सांगतील म्हणून घाटावर पळून जाऊन बसणे. तुझा बाप यात या गल्लीत पहिला होता. दळण आणायला सांगितले की जो गायब व्हायचा तो दिवेलागणीला परत. आणि मी पंचगंगा घाटापर्यंत हाका मारत फिरायची.

दोन्ही अर्थ लिहिले आहेत. पहिला माझा, कारण मी थोरली. दुसऱ्यापुढे तुझे नाव, पुणे, आणि तारीख. जानेवारीच्या फ्लॉपीवर तो सगळ्या घरांत जाईल.

मृणालिनीच्या सासूला वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘पुण्याचा वाला राहू द्या, काढू नका.’

विद्युल्लता